‘एकपक्षीय’ म्हणण्याची सोय

मिलान कुंदेरा किंवा व्हाक्लाव हावेल ह्यांच्याविषयी मराठीत काही लिहिले-बोलले जाऊ लागले, की पहिल्या दोन परिच्छेदांतच एक शब्दप्रयोग हमखास भेटतो : ‘एकपक्षीय राजवट’. तो अनुवादांच्या प्रस्तावनांत असतो, चर्चासत्रांतील निबंधांत असतो, आणि वर्गातल्या टिपणांवाटे विद्यार्थ्यांच्या उत्तरपत्रिकांतही उतरतो. इतका सरावाचा झालेला शब्द कोणी तपासून पाहत नाही. ह्या शब्दाला आमची हरकत आहे, आणि ती येथे सविस्तर नोंदवावी अशी आमची इच्छा आहे.

पहिली हरकत वस्तुस्थितीची. कुंदेरा आणि हावेल ज्या चेकोस्लोव्हाकियात लिहीत होते, तेथे १९४८ ते १९८९ ह्या काळात कायद्याने एकच पक्ष कधीही नव्हता. कम्युनिस्ट पक्षाच्या जोडीला समाजवादी पक्ष होता, लोक पक्ष होता, स्लोव्हाकियात आणखी दोन छोटे पक्ष होते. पूर्व जर्मनीत सत्ताधारी पक्षाखेरीज चार पक्ष होते. पोलंडमध्ये दोन होते, बल्गेरियात शेतकऱ्यांचा एक होता. चीनमध्ये असे आठ पक्ष आजही आहेत. ह्या सर्वांना स्वतःची नावे होती, कार्यालये होती, वृत्तपत्रे होती, संसदेत जागा होत्या, आणि बहुतेक ठिकाणी मंत्रिपदेही होती. सोव्हिएत संघ मात्र खरोखर एकपक्षीय होता. त्याचे चित्र आपण सर्वांवर चिकटवले आणि मोकळे झालो.

दुसरी हरकत अधिक गंभीर आहे. ‘एकपक्षीय’ म्हटले की अपराधी एकच उरतो. ज्यांनी त्या सत्तेला आपली नावे, आपली अक्षरे, आपला हात वर करण्याचा हक्क उसना दिला, ते सारे त्या शब्दाच्या आडोशाला उभे राहतात. साहित्याच्या अभ्यासकाला ह्या माणसांत रस असायला हवा. जुलूम करणारा आणि जुलूम सोसणारा ह्या दोघांविषयी आपण पुष्कळ वाचतो. अनुमोदन देणाऱ्याविषयी फारच थोडे.

आपल्या भाषेत ‘आघाडी’ ह्या शब्दाला दोन अर्थ आहेत. लढाईतली पुढची फळी ही आघाडी, आणि पक्षांनी एकत्र येऊन केलेली मोटही आघाडीच. चेकोस्लोव्हाकियातील ‘राष्ट्रीय आघाडी’ पहिल्या अर्थाने जन्मली आणि दुसऱ्या अर्थाने जगली. एप्रिल १९४५ मध्ये कोशित्से येथे जाहीर झालेल्या कार्यक्रमाने, नाझींच्या पराभवानंतरचे राज्य ह्या आघाडीकडे सोपवले. तिच्यात कम्युनिस्ट होते, सोशल डेमोक्रॅट होते, राष्ट्रीय समाजवादी होते, कॅथलिकांचा लोक पक्ष होता, आणि स्लोव्हाक लोकशाहीवादी होते. ह्या सर्वांनी मिळून एक गोष्ट ठरवली : जो पक्ष आघाडीत नाही, त्याला अस्तित्वात राहण्याचा अधिकार नाही. महायुद्धापूर्वीच्या बहुतेक सरकारांचा कणा असलेला शेतकरी पक्ष शत्रूशी संगनमताच्या आरोपाखाली बाहेर ठेवण्यात आला. त्याची मते आपल्याकडे येतील अशी आशा उरलेल्यांपैकी प्रत्येकाला होती.

आमच्या मते खरी घटना ही आहे. फेब्रुवारी १९४८ हा तिचा परिणाम. ज्या दिवशी सर्व पक्ष सरकारात जाऊन बसले आणि विरोधी बाक रिकामे ठेवण्यावर त्यांचे एकमत झाले, त्याच दिवशी ‘नाही’ म्हणण्याची जागा देशाच्या राज्यव्यवस्थेतून गेली. ती कम्युनिस्टांनी हिसकावून घेतली हे अर्धेच खरे. बाकीच्यांनीही ती सोडून दिली.

मे १९४६ ची निवडणूक बऱ्याच अंशी मोकळी होती. कम्युनिस्टांना ३०० पैकी ११४ जागा मिळाल्या आणि क्लेमेंट गॉटवाल्ड पंतप्रधान झाले. स्लोव्हाकियात मात्र लोकशाहीवादी पक्षाने सुमारे ६२ टक्के मते घेतली. म्हणजे मित्रपक्ष दुबळे नव्हते. २० फेब्रुवारी १९४८ रोजी, पोलिस खात्यातील कम्युनिस्ट घुसखोरीच्या प्रश्नावर, तीन पक्षांच्या बारा मंत्र्यांनी राजीनामे दिले. अध्यक्ष बेनेश राजीनामे स्वीकारणार नाहीत आणि नवी निवडणूक होईल, हा त्यांचा हिशेब. सोशल डेमोक्रॅट मंत्री त्यांच्याबरोबर बाहेर पडले नाहीत. त्यामुळे मंत्रिमंडळात बहुसंख्य मंत्री कायम राहिले आणि सरकार पडले नाही. पाच दिवसांनी, रस्त्यावरील शक्तिप्रदर्शनाच्या दडपणाखाली, बेनेश ह्यांनी राजीनामे स्वीकारले.

पुढे जे घडले ते फारसे सांगितले जात नाही. राजीनामे देणाऱ्या पक्षांवर बंदी आली नाही. राष्ट्रीय आघाडीच्या नावाने ‘कृतिसमित्या’ निघाल्या, आणि त्यांनी ते पक्ष आतून साफ केले. जुने पुढारी गेले. त्याच पक्षांतली दुसरी माणसे त्याच पक्षांच्या नावाने नव्या मंत्रिमंडळात आली. लोक पक्षाचे योसेफ प्लोयहार हे कॅथलिक धर्मगुरू १९४८ पासून १९६८ पर्यंत आरोग्यमंत्री होते. मे १९४८ च्या निवडणुकीत मतदारापुढे आघाडीची एकच यादी होती. तिला ८९ टक्क्यांच्या आसपास मते पडल्याचे जाहीर झाले. सोशल डेमोक्रॅट पक्ष जूनमध्ये कम्युनिस्ट पक्षात विलीन झाला. उरलेले मित्रपक्ष चाळीस वर्षे टिकले.

ते टिकवले का गेले? सर्व सत्ता हाती असताना हे शोभेचे सामान कशाला? ह्याचे उत्तर पूर्व जर्मनीत सर्वांत स्पष्ट दिसते. तेथील सत्ताधारी समाजवादी ऐक्य पक्ष १९४६ मध्ये कम्युनिस्ट आणि सोशल डेमोक्रॅट ह्यांच्या सक्तीच्या विलीनीकरणातून निर्माण झाला. ख्रिस्ती लोकशाही पक्ष आणि उदारमतवादी पक्ष १९४५ पासून होतेच. १९४८ मध्ये सत्ताधाऱ्यांच्याच पुढाकाराने आणखी दोन काढण्यात आले : एक शेतकऱ्यांसाठी, दुसरा पूर्वीचे सैनिक-अधिकारी आणि नाझी पक्षाचे सामान्य सभासद ह्यांना नव्या व्यवस्थेत सामावून घेण्यासाठी. देवळात जाणाऱ्याला एक दार, दुकानदाराला एक, शेतकऱ्याला एक, पराभूत सैनिकाला एक. दारे वेगवेगळी होती, आतला दिवाणखाना एकच होता. १९६० च्या दशकापासून पाचशे जागांच्या लोकसभेत सत्ताधारी पक्षाला १२७ जागा आणि चारही मित्रपक्षांना प्रत्येकी ५२, असे वाटप कायम ठरलेले असे. उरलेल्या जागा कामगार, तरुण, स्त्रिया ह्यांच्या संघटनांना जात, आणि त्या जागांवर बहुतांशी सत्ताधारी पक्षाचेच सभासद बसत. मतदान होण्यापूर्वीच निकाल जाहीर करावा, इतकी ही व्यवस्था नेटकी होती.

ह्या यादीतले एक नाव आपल्या व्यवसायाशी संबंधित आहे. लेखक-कलावंतांची ‘सांस्कृतिक संघटना’ हीदेखील ह्या आघाडीची घटक होती, आणि तिला लोकसभेत विसाहून अधिक जागा होत्या. तिचे पहिले अध्यक्ष कवी योहान्नेस बेखर. देशाचे राष्ट्रगीत त्यांचेच, आणि पुढे सांस्कृतिक मंत्रीही तेच. म्हणजे साहित्य तेथे केवळ सत्तेच्या तावडीत सापडलेले नव्हते. साहित्याच्या नावाने माणसे संसदेत बसून हात वर करीत होती. ‘एकपक्षीय राजवटीतील साहित्य’ असा विषय चर्चासत्राला देताना ही गोष्ट आपण सांगत नाही. सांगितली तर लेखक हा केवळ बळी राहत नाही.

आता आमच्याविरुद्ध जे म्हटले जाईल त्याकडे वळतो. पहिला आक्षेप असा, की त्या माणसांना पर्याय तरी होता का? बल्गेरियात शेतकरी पक्षाचे निकोला पेटकोव्ह हे ‘पितृभूमी आघाडी’च्या संस्थापकांपैकी एक आणि तिच्या सरकारात मंत्री. ते आघाडीतून फुटून विरोधात गेले आणि सप्टेंबर १९४७ मध्ये फासावर चढवले गेले. मिलादा होराकोव्हा ह्या चेकोस्लोव्हाक राष्ट्रीय समाजवादी पक्षाच्या खासदार. १९४८ च्या सत्तांतरानंतर त्यांनी खासदारकी सोडली, आणि २७ जून १९५० रोजी, जाहीर खटल्याचा फार्स उरकून, त्यांना फाशी देण्यात आले. पोलंडमध्ये स्टानिस्लाव मिकोवायचिक ह्यांनी आघाडीच्या संयुक्त यादीत सामील होण्यास नकार दिला. जानेवारी १९४७ च्या निवडणुकीत उघड गैरप्रकार झाले, आणि त्याच वर्षी त्यांना देश सोडून पळावे लागले. अशा परिस्थितीत गप्प बसणाऱ्याला नावे ठेवणे सुरक्षित खुर्चीत बसलेल्या प्राध्यापकांना शोभते का?

ह्या आक्षेपाचे वजन आम्ही मान्य करतो. पण त्यातून निघणारा निष्कर्ष उलटा आहे. होराकोव्हाबाईंना फाशी झाली तेव्हा त्यांच्याच पक्षाचे वारस, पक्षाचे नाव किंचित बदलून, मंत्रिमंडळात बसलेले होते. एकाच पक्षाच्या दोन वाटा येथे समोरासमोर दिसतात. ‘एकपक्षीय’ हा शब्द ह्या दोन्ही वाटा पुसून टाकतो. ज्यांनी नकाराची किंमत जिवाने मोजली त्यांचा पक्षच आपण इतिहासातून काढतो, आणि ज्यांनी ती किंमत न मोजता खुर्ची राखली त्यांचाही. भीती हे कारण होते असे म्हणायचे असेल, तर भ्यालेले कोण होते हे आधी सांगावे लागेल.

शिवाय सगळेच भीतीने घडले असेही नाही. लहानसा निवारा मिळावा, ह्यासाठीही माणसे ह्या पक्षांत गेली. पूर्व जर्मनीतील ख्रिस्ती लोकशाही पक्षाची ‘युनिओन’ ही प्रकाशनसंस्था होती, आणि योहान्नेस बोब्रोव्स्कींसारखा महत्त्वाचा कवी तेथे संपादक म्हणून काम करीत असे. सत्ताधारी पक्षात न जाता नोकरी, थोडा कागद, थोडी प्रार्थना जपण्याची ती एक सोय होती. हे तुच्छ नाही. पण निवाऱ्याचे भाडे काय द्यावे लागत असे, हेही विचारले पाहिजे. ९ मार्च १९७२ रोजी, गर्भपातविषयक कायद्यावर, ह्या पक्षाच्या चौदा सदस्यांनी विरोधी मत दिले आणि आठ तटस्थ राहिले. १९८९ पूर्वी त्या लोकसभेत एकमत मोडल्याचा हा एकमेव प्रसंग. कायदा संमत झालाच. सरकार कोसळले नाही, आकाशही कोसळले नाही. एकदा शक्य होते, मग दुसऱ्यांदा का नाही, हा प्रश्न त्या चौदांनीच आपल्या उरलेल्या सहकाऱ्यांसाठी मागे ठेवला आहे.

दुसरा आक्षेप आमच्या काही डाव्या मित्रांचा. ते म्हणतील, पक्ष अनेक होते हे तुम्ही स्वतःच सांगता. मग ही बहुपक्षीय लोकशाहीच झाली, फक्त पाश्चात्त्य साच्याची नव्हे. ह्याला उत्तर चीनमध्ये मिळते. सप्टेंबर १९४९ मध्ये राजकीय सल्लागार परिषदेत कम्युनिस्ट पक्षाबरोबर लोकशाहीवादी पक्षही बसले. १९५६ मध्ये ह्या पक्षांशी ‘दीर्घकालीन सहअस्तित्व आणि परस्परांवर देखरेख’ असे धोरण घोषित झाले. पुढच्याच वर्षी, मोकळेपणाने टीका करा, असे आवाहन आले. लोकशाही संघाचे नेते झांग बोजुन आणि लुओ लोंगजी हे दोघेही केंद्रात मंत्री होते. त्यांनी देखरेख हा शब्द खरा मानला आणि टीका केली. काही महिन्यांत ते दोघे देशातल्या उजव्या गटाचे म्होरके ठरले, आणि त्यांची मंत्रिपदे गेली. पुढे लाखो लोकांवरचा तो शिक्का पुसला गेला तेव्हाही ह्या दोघांवरचा पुसला गेला नाही. त्यांचा पक्ष मात्र बंद झाला नाही. तो आजही आहे, अधिवेशने भरवतो, सूचना करतो.

तेव्हा पक्ष किती आहेत, हे मोजण्याने काही हाती लागत नाही. आम्ही तीन प्रश्न सुचवतो. मित्रपक्षाला आघाडी सोडून जाता येते का? त्याला सत्ताधाऱ्याविरुद्ध आपला उमेदवार उभा करता येतो का? त्याच्या वृत्तपत्रात ‘नाही’ छापता येते का? तिन्ही उत्तरे नकारार्थी आली, तर तो मित्र नव्हे, साक्षीदाराच्या पिंजऱ्यात कायमचा उभा केलेला माणूस होय.

हेच प्रश्न आपल्या देशात विचारले की उत्तर बदलते, आणि म्हणूनच ते विचारले पाहिजेत. पश्चिम बंगालची डावी आघाडी १९७७ ते २०११ अशी सलग चौतीस वर्षे सत्तेवर होती. तिला प्राग किंवा पूर्व बर्लिनच्या रांगेत बसवणे हा शुद्ध अडाणीपणा होईल. तेथे विरोधी पक्ष होते, वृत्तपत्रे होती, आणि शेवटी मतदारांनी तिला २९४ पैकी ६२ जागांवर आणून ठेवले. केरळात तर मित्रपक्षांनी ‘नाही’ म्हटल्याने सरकारेच पडली आहेत : १९६९ मध्ये नंबुद्रीपाद ह्यांचे, १९८१ मध्ये नायनार ह्यांचे. २०१४ मध्ये क्रांतिकारी समाजवादी पक्षाने त्याच राज्यात डावी आघाडी सोडून समोरच्या आघाडीचा रस्ता धरला. त्यात तत्त्व किती आणि जागावाटपातली नाराजी किती, हा वाद बाजूला ठेवू. दार उघडे होते, एवढे त्यातून सिद्ध होते.

परंतु दार उघडे असणे ही आतल्याची जबाबदारी वाढवणारी गोष्ट आहे. १९७७ मध्ये, आणि २००६ मध्येही, मार्क्सवादी कम्युनिस्ट पक्षाला बंगालमध्ये एकट्याच्या बळावर बहुमत होते. तरीही त्याने मित्रपक्ष बरोबर ठेवले. ह्याला दूरदृष्टी म्हणता येईल, आणि दायित्वाची वाटणीही म्हणता येईल. १४ मार्च २००७ रोजी नंदिग्राममध्ये पोलिसांच्या गोळीबारात चौदा माणसे मेली. मित्रपक्षांनी जाहीरपणे नाराजी व्यक्त केली, निषेधाची भाषा वापरली, आणि ते आघाडीत राहिले. त्यांच्या जाण्याने सरकार पडले नसते, हे खरे. पण पेटकोव्हला जे द्यावे लागले ते कोलकात्यात कोणी मागत नव्हते. मंत्रिपद आणि पुढच्या निवडणुकीतील काही जागा, एवढीच नकाराची किंमत होती. जेथे नकार स्वस्त असतो, तेथे होकाराचा हिशेब अधिक कडक लागला पाहिजे. आपल्याकडे ‘आघाडीचा धर्म’ नावाची एक गोष्ट सर्वच रंगांच्या पक्षांना प्रिय आहे. ह्या धर्मात प्रायश्चित्त मात्र कोणी सांगितलेले नाही.

आता १९८९ कडे येऊ, कारण ‘एकपक्षीय’ ह्या शब्दाचा लाभ कोणाला झाला हे तेथे कळते. त्या वर्षी पोलंडच्या निवडणुकीत ४६० पैकी २९९ जागा सत्ताधारी पक्ष आणि त्याच्या मित्रांसाठी राखीव होत्या. सॉलिडॅरिटीने खुल्या असलेल्या सर्व १६१ जागा जिंकल्या. तरी बहुमत दूर होते. मग चाळीस वर्षे मान डोलावणाऱ्या दोन मित्रपक्षांनी, म्हणजे शेतकरी पक्ष आणि लोकशाहीवादी पक्ष ह्यांनी, आपल्या ७६ आणि २७ जागा घेऊन बाजू बदलली. १६१ आणि ह्या १०३ मिळून २६४ झाल्या, आणि ऑगस्टमध्ये तादेउश माझोव्हिएत्स्की पंतप्रधान झाले. प्रागमध्ये नोव्हेंबरात हावेल ज्या सज्जातून जमावाशी बोलले तो ‘मेलान्त्रिख’ प्रकाशनाच्या इमारतीचा सज्जा; आणि ती इमारत त्याच मुक्या समाजवादी पक्षाची होती. पक्षाच्या ‘स्वोबोद्ने स्लोव्हो’ ह्या दैनिकाने त्या आठवड्यात खऱ्या बातम्या छापायला आरंभ केला. दैनिकाच्या नावाचा अर्थ ‘मुक्त शब्द’. तो शब्द चाळीस वर्षे मुक्त नव्हता, पण नाव, छापखाना आणि सज्जा हे सारे जागेवर होते. ह्या पक्षांना निव्वळ बाहुल्या म्हणणाऱ्यांनी ही गोष्ट लक्षात घ्यावी. बाहुलीला सज्जा नसतो.

ही कथेची उजळ बाजू. दुसरी बाजू पूर्व जर्मनीची. मार्च १९९० च्या मोकळ्या निवडणुकीत तेथील ख्रिस्ती लोकशाही पक्षाला ४०.८ टक्के मते मिळाली आणि त्याचे लोथार द मेझिएर पंतप्रधान झाले. त्या पक्षातल्या काहींनी सप्टेंबर १९८९ मध्येच, भिंत पडण्यापूर्वी, वायमारहून पत्र काढून पक्षनेतृत्वाला जाब विचारला होता. त्यांचे श्रेय त्यांना दिलेच पाहिजे. पण एका वर्षाच्या आत चारही मित्रपक्ष पश्चिमेकडील दोन मोठ्या पक्षांत विरघळून गेले : ख्रिस्ती आणि शेतकरी एकीकडे, उरलेले दोन उदारमतवाद्यांकडे. चाळीस वर्षांच्या पापाचे गाठोडे एकाच पक्षाच्या वारसांच्या डोक्यावर ठेवले गेले. ते गाठोडे त्यांचे नव्हते असे आम्ही म्हणत नाही. पण उचलून धरायला आणखी चार हात होते, आणि ते हात खिशात गेले. सर्वांनीच ‘ती एका पक्षाची राजवट होती’ असे म्हणायचे ठरवल्यावर खिसे तपासणार कोण?

म्हणून साहित्याच्या वर्गात ह्याची गरज आहे. कुंदेरांच्या कादंबरीच्या आरंभी गॉटवाल्डच्या डोक्यावर ठेवलेली टोपी आणि छायाचित्रातून पुसला गेलेला क्लेमेंटिस ह्यांवर आपण तासन् तास बोलतो. गॉटवाल्ड कम्युनिस्ट, क्लेमेंटिसही कम्युनिस्ट. पुसणारा आणि पुसलेला एकाच घरचे. त्या सज्जात नसलेले बारा मंत्री, आणि त्यांच्या खुर्च्यांवर लगोलग जाऊन बसलेले त्यांचेच सहकारी, ह्यांचा उल्लेख आपल्या चर्चेत येत नाही. हावेलच्या १९७८ च्या निबंधातला भाजीवाला आपल्या सर्वांच्या ओळखीचा आहे. दुकानात घोषणेची पाटी लावणारा तो एकटा गरीब माणूस आपल्याला सहानुभूतीने समजावून घेता येतो. पण ज्यांनी पाट्या लावण्यासाठीच पक्ष चालवले, त्या संस्थांविषयी काय? भाजीवाल्याला पाटी वरून पाठवली जाई. ह्या पक्षांच्या बैठकीत ती एकमताने मंजूर होत असे.

आमची मागणी लहान आहे. प्रस्तावना लिहिताना, टिपणे देताना ‘एकपक्षीय’ हा शब्द जेथे खरा आहे तेथेच वापरावा. बाकीच्या ठिकाणी जे होते ते सांगावे : एक सत्ताधारी पक्ष, आणि त्याच्या शेजारी बसून हात वर करणारे इतर. वाक्य लांबेल, पण ते खरे असेल. आणि विद्यार्थ्याने वर्गात विचारले, की हे इतर कोण होते, तर उत्तर द्यायला आपल्याजवळ नावे, तारखा आणि मतांचे आकडे असावेत. चौदा विरोधी आणि आठ तटस्थ, हाही त्यांपैकी एक आकडा आहे. उरलेल्यांचा हिशेब त्याच्याच समोर मांडायचा आहे.